फायरवॉल लावली, पण अडवते कोणाला?

"सर, चालतंय सगळं." सर्व्हरवर फायरवॉलचे (नको ती ये-जा अडवणाऱ्या चाळणीचे) नियम बसवले, ब्राउझरमध्ये साइट उघडून बघितली, उघडली, आणि मंडळी चहाला निघाली. अंधेरीच्या एमआयडीसीपासून लोअर परळच्या टॉवरांपर्यंत मुंबईतल्या कितीतरी छोट्या ऑफिसांत फायरवॉलची चाचणी एवढ्यावरच आटोपते. पण जरा विचार करा. सगळे नियम पुसून टाकले असते तरीही साइट उघडलीच असती. म्हणजे या चाचणीने फायरवॉलबद्दल काहीच सांगितलं नाही. ज्याला आत यायचं होतं तो आला, एवढंच कळलं. ज्याला अडवायचं होतं तो अडला का, हे कोणी विचारलंच नाही, आणि सगळा खटाटोप केला होता तो त्यासाठीच.

थोडी ओळख आधी करून घेऊ. सर्व्हर एक असला तरी त्यावर सेवा अनेक असतात आणि प्रत्येक सेवा आपापल्या क्रमांकाच्या पोर्टवर ऐकत बसलेली असते: वेबसाइट ४४३ वर, लांबून लॉगइन करायचं एसएसएच २२ वर, पोस्टग्रेस डेटाबेस ५४३२ वर, मायएसक्यूएल ३३०६ वर, रेडिस ६३७९ वर. अमुक पत्त्यावरून अमुक पोर्टवर आलेलं पॅकेट (माहितीचा छोटा तुकडा) घ्यायचं की टाकून द्यायचं, हे सांगणारी ओळ म्हणजे नियम. लिनक्समध्ये हे काम कर्नलच्या (सिस्टिमच्या गाभ्याच्या) आतलं नेटफिल्टर करतं. त्याला आज्ञा द्यायला २००१ पासून आयपीटेबल्स आहे, २०१४ पासून एनएफटेबल्स आहे, आणि हे दोन्ही किचकट वाटतात म्हणून यूएफडब्ल्यू, फायरवॉलडी अशी सोपी साधनं आहेत.

आयपीटेबल्समध्ये नियम वरून खाली वाचले जातात आणि पहिला जो जुळेल त्यावर निकाल लागतो. (ओपनबीएसडी या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या पीएफ फायरवॉलमध्ये नेमकं उलटं, तिथे शेवटचा जुळलेला नियम जिंकतो. एकीकडून दुसरीकडे गेलेल्या माणसाची तिथे हमखास फसगत होते.) म्हणूनच नियमांची यादी नुसती वाचून भागत नाही. चाळिसावी ओळ सांगते "५४३२ बंद". बारावी ओळ सांगते "ऑफिसच्या नेटवर्कला सगळं खुलं". वाचणाऱ्याची नजर चाळिसाव्या ओळीवर जाते आणि त्याचा जीव भांड्यात पडतो; पॅकेट मात्र बाराव्या ओळीवरच आत शिरलेलं असतं.

आधी कागद, मग कीबोर्ड

समजा ऑफिस गोरेगावला आहे आणि सर्व्हर एखाद्या क्लाउडच्या मुंबई विभागात. त्यावर ग्राहकांसाठी साइट आहे, बिलिंगचा डेटाबेस आहे, आणि रात्री बॅकअप जातो. चाचणीआधी एक साधा तक्ता करायचा: कोण, कुठून, कोणत्या पोर्टवर, आणि काय व्हायला हवं. साइट सगळ्या जगाला उघडावी. एसएसएच फक्त ऑफिसच्या पत्त्यावरून लागावं. डेटाबेसशी फक्त ॲप्लिकेशनच्या मशीनने बोलावं. हे सगळे लिहितात. तक्त्याचा खरा जीव असतो तो "होऊ नये"च्या ओळींत: घरच्या ब्रॉडबँडवरून एसएसएच लागू नये, ऑफिसमधूनसुद्धा डेटाबेस थेट उघडू नये, शेजारच्या टेस्ट सर्व्हरवरून बॅकअपच्या मशीनला हात लागू नये. "व्हावं"च्या एका ओळीमागे "होऊ नये"च्या दोन-तीन ओळी यायलाच हव्यात. येत नसतील, तर आपण कोणापासून बचाव करतोय हेच ठरलेलं नाही.

माझं एक मत आहे, पटलं तर घ्या. हा तक्ता नियम लिहिणाऱ्याने करू नये. तो करायला बसला की नियमांवरूनच तक्ता उतरवतो, आणि मग नियमातली चूक तक्त्यातही अलगद येऊन बसते. ज्याला सर्व्हरचं काम माहीत आहे पण नियम कसे लिहिलेत ते माहीत नाही, असा माणूस बसवावा.

नकाराच्या तीन तऱ्हा

बाहेरून पोर्टला हाक मारायला नेटकॅट हे छोटं साधन पुरतं. त्याला "फक्त जोडून बघ, काही पाठवू नकोस" असं सांगता येतं. जोडणी झाली तर प्रश्नच नाही. नाही झाली तर कोणत्या शब्दांत नकार आला, ते नीट वाचायला हवं. समोरच्याने फोन कट केला की नुसती रिंग वाजत राहिली, यात जो फरक तोच इथे आहे.

"कनेक्शन रिफ्यूज्ड" असं तडकाफडकी आलं, तर पलीकडून कोणीतरी स्पष्ट नाही म्हटलं. ते फायरवॉलचा रिजेक्ट नियमही म्हणू शकतो. पण बहुतेक वेळा अर्थ वेगळाच असतो: पॅकेट फायरवॉल ओलांडून आत पोचलं, आणि त्या पोर्टवर कोणती सेवा चालूच नव्हती म्हणून कर्नलने परत पाठवलं. हा फरक जिवावरचा आहे. आज डेटाबेस बंद आहे म्हणून "रिफ्यूज्ड" दिसलं, आपण तक्त्यात "अडवलं" अशी खूण केली. उद्या डेटाबेस सुरू झाला की तोच पोर्ट जगाला खुला.

"टाइम्ड आउट" म्हणजे पलीकडे शुकशुकाट. फायरवॉलच्या ड्रॉप नियमाने पॅकेट गुपचूप टाकून दिलं की असं होतं. लिनक्स मशीन बिचारं परत परत हाक मारत राहतं आणि मिनिटभराहून जास्त वेळ हार मानत नाही, म्हणून चाचणी करताना तीन-चार सेकंदांची मर्यादा घालावी, नाहीतर वीस ओळींच्या तक्त्याला अर्धा तास जातो. पण शुकशुकाटाची कारणं अनेक असतात. सर्व्हर बंद असेल, पत्ता चुकला असेल, वाटेतच कोणी अडवलं असेल.

तिसरा संदेश सगळ्यांत जास्त चकवतो: "नो रूट टू होस्ट". हा दिसला की लोक राउटर तपासायला धावतात. फायरवॉलडी चालवणाऱ्या सर्व्हरवर याचा अर्थ बहुधा एवढाच असतो की नियमाने "मनाई आहे" असं उत्तर पाठवलं, आणि आपल्या मशीनने ते या शब्दांत दाखवलं. रस्ता व्यवस्थित आहे, नुसता नकार आला आहे.

एनमॅप हे १९९७ पासूनचं साधन हाच अर्थ तीन शब्दांत लावून देतं: ओपन, क्लोज्ड, फिल्टर्ड. "क्लोज्ड" वाचून खूश होऊ नका. ते वरचं "आत पोचलं, सेवा नव्हती" असू शकतं. अडवायच्या पोर्टसमोर "फिल्टर्ड" दिसणं बरं. यूडीपी या पॅकेट पाठवायच्या दुसऱ्या पद्धतीचं दुखणं निराळं. तिथे जोडणीच नसते, त्यामुळे गप्प बसणं हे उघडं असल्याचंही लक्षण असतं आणि अडवल्याचंही, आणि एनमॅप सरळ "ओपन किंवा फिल्टर्ड" म्हणून हात वर करतं. यूडीपी तपासायचं तर खरा प्रश्नच विचारावा लागतो: डीएनएस (नावावरून पत्ता सांगणारी सेवा) असेल तर ५३ वर एखादं नाव विचारा आणि उत्तर येतं का बघा.

यावरून एक शिस्त ठरते. "अडतंय" असं म्हणायच्या आधी, अडवण्यासारखं काही तिथे जिवंत आहे ना ते बघायचं. सर्व्हरवर एसएस ही आज्ञा चालवून कोणती सेवा कोणत्या पत्त्यावर ऐकतेय ते पाहावं. ०.०.०.० दिसलं तर ती सगळ्या बाजूंनी ऐकतेय, १२७.०.०.१ दिसलं तर फक्त त्या मशीनच्या आतून. सेवा चालू नसेल तर नेटकॅटच त्या पोर्टवर तात्पुरता ऐकायला बसवावा, बाहेरून हाक मारावी, आणि मग निकाल लिहावा.

उभं कुठे राहायचं

सर्व्हरवर लॉगइन करून तिथूनच त्याच सर्व्हरचे पोर्ट तपासणं, ही सगळ्यांत जास्त दिसणारी आणि सगळ्यांत निरुपयोगी चाचणी. स्वतःशी बोलताना पॅकेट लूपबॅकवरून (मशीनच्या आतल्याच वाटेने) फिरतं, आणि लूपबॅकला जवळजवळ प्रत्येक फायरवॉल सरसकट मुभा देते. सर्व्हरचा बाहेरचा पत्ता टाकला तरी कर्नल ते आतल्या आतच फिरवतो. तिथून काहीही सिद्ध होत नाही.

ऑफिसच्या वायफायवरून केलेली चाचणीही अर्धवटच, कारण ऑफिसचा पत्ता परवानगीच्या यादीत असतो. "बाहेरचा माणूस" व्हायचा सर्वांत स्वस्त मार्ग खिशात आहे: वायफाय बंद करा, मोबाइल डेटाचा हॉटस्पॉट लावा, लॅपटॉप त्याला जोडा. याचा एक उपफायदा म्हणजे आपल्याकडच्या मोबाइल नेटवर्कवर आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी पद्धत) सर्रास चालतं. आयपीटेबल्सचे नियम फक्त जुन्या आयपीव्ही४ ला लागतात. आयपीव्ही६ साठी वेगळी यादी ठेवावी लागते आणि ती रिकामी राहिलेली अनेक ठिकाणी आढळते. पुढचं दार कुलूपबंद असताना त्याच डेटाबेसला आयपीव्ही६ वरून कोणीही येऊ शकतं. म्हणून प्रत्येक ओळ दोनदा तपासायची, नेटकॅटला एकदा चारवर आणि एकदा सहावर सक्ती करून. एनएफटेबल्समध्ये दोन्हींसाठी एकच तक्ता ठेवायची सोय आहे; नवीन सर्व्हर असेल तर तीच वापरा.

मोबाइलवरून तपासण्यात एक खोचही आहे. २५ (मेलचा) आणि ४४५ (विंडोजच्या फाइल शेअरिंगचा) असे बदनाम पोर्ट काही इंटरनेट कंपन्या स्वतःच अडवतात. त्यामुळे ४४५ "फिल्टर्ड" दिसला तर ते श्रेय आपल्या फायरवॉलचं की मोबाइल कंपनीचं, हे बाहेरून ओळखता येत नाही. ते ओळखायला सर्व्हरच्या आत बघावं लागतं, आणि या सगळ्या विषयात मला सर्वांत आवडणारी गोष्ट तिथेच आहे.

काउंटर

आयपीटेबल्सची यादी सविस्तर मागितली की प्रत्येक नियमापुढे एक आकडा येतो: आजवर किती पॅकेटं या नियमाला लागली. बहुतेक लोक तो रकाना ओलांडून पुढे जातात. चाचणीत मात्र साक्षीदार म्हणून तोच उभा करावा.

एका खिडकीत सर्व्हरवर ती यादी दर सेकंदाला ताजी होत राहील अशी लावून ठेवा. दुसऱ्या खिडकीत, हॉटस्पॉटवरच्या लॅपटॉपवरून, ५४३२ ला हाक मारा. आता फक्त ड्रॉपच्या ओळीकडे बघायचं. आकडा ० चा १ होतो. सेकंदभराने २. मग ३, आणि पुढे हाकांमधलं अंतर वाढत जातं. उत्तर येत नाही म्हणून लॅपटॉप तेच पॅकेट पुन्हा पुन्हा पाठवतोय, आणि सर्व्हर ते एकेक मोजून टाकून देतोय. आता खात्रीने म्हणता येतं की हाक पोचली, आणि ती नेमक्या याच नियमाने अडवली. आकडा हललाच नाही तर? मग एकतर पॅकेट वाटेतच मेलं, किंवा वरच्या दुसऱ्या कुठल्यातरी नियमाने ते उचललं. सगळ्या यादीवर नजर फिरवा. दुसऱ्या कुठल्या ओळीचा आकडा वाढत असेल तर बाराव्या ओळीसारखा घोळ तिथेच सापडतो. (एनएफटेबल्समध्ये हा आकडा आपोआप येत नाही, नियम लिहितानाच काउंटर मागावा लागतो. मागत जा.)

पॅकेट सर्व्हरपर्यंत आलं की नाही हे टीसीपीडम्प नावाचं, ये-जा करणारी पॅकेटं टिपणारं साधनही दाखवतं, पण त्याचा अर्थ लावताना जपून. लिनक्सवर येणारं पॅकेट टीसीपीडम्पला फायरवॉलच्या आधी दिसतं. तिथे दिसलं म्हणजे आत शिरलं, असा निष्कर्ष काढून घाबरलेली माणसं कमी नाहीत. येणारं दिसलं आणि जाणारं उत्तर दिसलं नाही, तर फायरवॉलने ते मध्येच टाकून दिल्याची शक्यता मोठी. मग काउंटर बघून खात्री करा.

क्लाउडवर आपल्या सर्व्हरच्या आधी आणखी एक चाळण असते. ॲमेझॉनच्या मुंबई विभागात, जो २०१६ मध्ये सुरू झाला, सिक्युरिटी ग्रुप आणि नेटवर्क एसीएल अशा दोन आहेत. सिक्युरिटी ग्रुप आत आलेल्या जोडणीचं उत्तर आपोआप बाहेर सोडतो. नेटवर्क एसीएलला असलं काही लक्षात राहत नाही, परतीच्या वाटेचा नियमही वेगळा लिहावा लागतो. "आत पॅकेट येतंय, उत्तर जातंय, तरी ग्राहकाला काही मिळत नाही" अशी तक्रार आली की आधी ते बघा.

जुनी जोडणी आणि डॉकर

नियम बदलला, आणि आधीपासून उघडी असलेली एसएसएचची खिडकी तशीच चालू राहिली, म्हणून "माझा प्रवेश शाबूत आहे" असं समजू नका. बहुतेक यादींत सगळ्यांत वर "आधीच जुळलेल्या जोडण्या चालू द्या" असा नियम असतो. उघडी खिडकी त्यावर तगते. नव्याने यायला गेलात की दार बंद. म्हणून जुनी खिडकी न मिटता दुसरी, नवी खिडकी उघडून बघायची. त्याहून बरं म्हणजे आयपीटेबल्स-अप्लाय वापरायचं: ते नियम लावतं, विचारतं, आणि ठरलेल्या सेकंदांत "हो" आलं नाही तर जुने नियम परत बसवतं. सर्व्हर ऐरोली-महापेच्या डेटा सेंटरमध्ये असेल आणि तुम्ही जुलैच्या पावसात बोरिवलीला असाल, तर या सोयीची किंमत वेगळी सांगायला नको. शेअर बाजाराशी जोडलेलं काम असेल तर ९:१५ ते ३:३० या वेळात नियमांना हातच लावू नये, हे तर उघड आहे.

डॉकर (प्रोग्राम "कन्टेनर" नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) वापरणाऱ्यांनी पुढचं जरा सावकाश वाचावं. यूएफडब्ल्यूने ५४३२ बंद केला. स्थिती विचारली, "डिनाय" असं लिहून आलं. आणि हॉटस्पॉटवरून हाक मारली तर डेटाबेसने ओ दिली! यात यूएफडब्ल्यू बिघडलेलं नसतं. कन्टेनरचा पोर्ट प्रकाशित केला की डॉकर स्वतः नेटफिल्टरमध्ये नियम घालतो आणि येणाऱ्या पॅकेटचा पत्ता सुरुवातीलाच बदलून ते कन्टेनरकडे वळवतो. ते पॅकेट मग इनपुट साखळीत (खुद्द सर्व्हरसाठी आलेल्या पॅकेटांच्या नियमांत) जातच नाही, फॉरवर्ड साखळीतून (पुढे पाठवायच्या पॅकेटांच्या नियमांतून) जातं. यूएफडब्ल्यूने "डिनाय" लिहून ठेवलेलं असतं ते इनपुटच्या वाटेवर. पोर्ट फक्त १२७.०.०.१ वर प्रकाशित करणं हा सरळ उपाय. बाहेरून कोणाला यायचंच असेल तर डॉकर-यूझर नावाच्या साखळीत नियम लिहायचे. हा दोष कितीही यादी वाचली तरी दिसत नाही, बाहेरून हाक मारली की अर्ध्या मिनिटात दिसतो.

डेटाबेसने ओ दिली पण "तुमच्या पत्त्याची नोंद नाही" म्हणून हाकलून दिलं, असंही होतं. पोस्टग्रेसच्या आत स्वतःची वेगळी यादी असते, तीही वरून खाली, पहिली जुळली तीच खरी. हा नकार पाहून निर्धास्त होणारे पुष्कळ असतात. पण ज्याअर्थी पोस्टग्रेस बोललं त्याअर्थी फायरवॉलने आत सोडलं. तक्त्यात ही ओळ नापासच.

आतली चाल

बाहेरून सगळं ठीक निघालं की आतल्या मशीनकडून एकमेकांकडे जाणारी वाट तपासायची. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या या घातक सॉफ्टवेअरने मर्स्क या जहाज कंपनीच्या समूहाचं जाळं कोलमडलं तेव्हा आपल्या दारात, न्हावा शेव्याच्या जेएनपीटीतल्या त्यांच्या टर्मिनलचंही काम विस्कळीत झालं होतं. नॉटपेट्या एकदा आत आल्यावर ४४५ पोर्टवरची त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड वापरून मशीनमागून मशीन घेत पसरत होता. अशा वेळी इंटरनेटच्या बाजूची फायरवॉल कितीही कडक असली तरी ती मधे येत नाही. म्हणून तक्त्यातल्या "टेस्ट सर्व्हरवरून बॅकअपकडे" या ओळी खरोखर त्या टेस्ट सर्व्हरवर बसूनच तपासायच्या. तशीच बाहेर जाणारी वाट: डेटाबेसच्या मशीनला इंटरनेटवर हवं तिथे जाता येतं का? बहुतेक ठिकाणी येतं, आणि कोणाला त्याचं काही वाटत नाही.

पत्त्यांच्या मर्यादाही हेरून ठेवा. २०३.०.११३.४० या एका पत्त्याला परवानगी द्यायची होती आणि लिहिताना शेवटी /३२ ऐवजी /२४ पडलं, तर शेजारपाजारच्या पत्त्यांसकट २५६ पत्त्यांना दार उघडतं. ऑफिसातून चाचणी केली की ती पासच होते! हे पकडायला शेजारचा पत्ता लागतो. तो भाड्याने घ्यायची गरज नाही. लिनक्समध्ये नेटवर्क नेमस्पेस वापरून एकाच मशीनवर खोटं जाळं उभं करता येतं, त्यात .४० आणि .४१ असे दोन ग्राहक बसवायचे आणि तेच नियम लावून बघायचं.

परवानगीशिवाय दुसऱ्याच्या सर्व्हरवर एनमॅप चालवू नका, ग्राहकाचा असला तरी लेखी संमती घ्या. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० चं कलम ४३ विनापरवाना प्रवेशाबद्दल आहे, आणि सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार महत्त्वाच्या यंत्रणांवरचं लक्ष्य धरून केलेलं स्कॅनिंग हीसुद्धा ६ तासांत कळवण्याच्या घटनांपैकी एक आहे. त्याच निर्देशांत लॉग १८० दिवस ठेवायचं बंधन आहे, तेव्हा ड्रॉपच्या आधी लॉगचा नियम असेल तर जागेचा हिशेब करून ठेवा.

सगळं पास झालं की सर्व्हर एकदा रीबूट करा आणि तक्ता पुन्हा चालवा. आयपीटेबल्सचे नियम जतन केले नसतील तर रीबूटनंतर ते गायब होतात, आणि साइट मात्र झकास उघडते. मग तक्त्याची छोटी स्क्रिप्ट करून बाहेरच्या एखाद्या स्वस्त मशीनवरून रोज रात्री चालवावी, म्हणजे "तात्पुरतं" म्हणून व्हेंडरसाठी उघडलेलं दार दुसऱ्या दिवशी सकाळी लाल रंगात दिसेल. परवानगीच्या ज्या नियमांचा काउंटर तीन-चार महिने शून्यावर आहे ते काढायला हरकत नाही. फक्त मध्ये रीबूट झाला नव्हता ना ते बघा, कारण आकडे तेव्हा पुसले जातात, आणि काढण्याआधी अकाउंट्सला एक फोन करा. मार्च अखेरीला वर्षातून एकदाच चालणारं काहीतरी त्यांच्याकडे असतंच.